रुळाची दोन टोके आणि मधले जामुल

भिलाई म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पोलादाचा कारखाना उभा राहतो. जामुल हे नाव मात्र फारसे कुणी ऐकलेले नसते. भिलाई पॉवर हाऊस स्टेशनावर उतरून नंदिनी रोडने उत्तरेकडे निघाले, की छावणी वस्ती आणि कारखान्यांच्या भिंती मागे टाकत हा रस्ता जामुलला पोचतो. पुढे तो नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींकडे जातो. छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातले हे गाव आता नगरपालिकेचे आहे. गावाची ओळख म्हणजे इथला सिमेंटचा कारखाना. ए.सी.सी.ने तो 1965 मध्ये सुरू केला. नंतर ही कंपनी स्विस भांडवलाकडे आणि 2022 मध्ये अदानी समूहाकडे गेली, पण गावकऱ्यांच्या तोंडी तो अजून ‘एसीसी’च आहे. भिलाईच्या झोतभट्ट्यांतून निघणारी मळी, म्हणजे कामगारांच्या भाषेतला ‘स्लॅग’, इथे सिमेंटमध्ये मिसळला जातो. एका कारखान्याचे टाकाऊ ते दुसऱ्याचे भांडवल, असा हा शेजार आहे.

मराठी माणसाला हा मुलुख परका वाटू नये. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. इथल्या घराघरांत पोळ्याला मातीचे बैल पुजतात, त्याला ‘पोरा’ म्हणतात. भिलाईत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत आणि गणपतीच्या दिवसांत ती सहज ओळखू येतात. पोलाद कारखान्यासाठी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा रशियन तज्ज्ञ आपल्या बायकामुलांसह येथे राहायला आले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. त्यानंतर केरळ, आंध्र, बंगाल, बिहार, पंजाब, विदर्भ अशी सगळीकडची माणसे येत राहिली. परक्याला सामावून घेण्याची या पट्ट्याला सवय आहे ती अशी जुनी.

पण आता इथली माणसे बाहेर पडतात. मुले पुण्याला, बंगळूरला शिकायला जातात, कुणी मेलबर्नला. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन आखाती देशांची वाट धरतात. जाताना घरचे ठेठरी-खुरमीचा डबा देतात, कागदपत्रे दहादा तपासतात, विमानतळावरून फोन करायला बजावतात. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि विचारू नये असेच सर्वांना वाटते. परमुलुखात याच्यावर कुणी हल्ला केला, कुणी लुटले, जिवावर बेतले, तर मदत करायची कुणी? आणि भरपाई द्यायची कुणी?

योगायोग असा, की या प्रश्नाची दोन मोठी उत्तरे जामुलच्या जवळून धावणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना सापडतात. हावडा-मुंबई मार्ग जवळपास दोन हजार किलोमीटरचा आहे. एका टोकाला हावडा, दुसऱ्या टोकाला मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. दुर्गहून गाडीत बसणारा प्रवासी यांपैकी कुठल्याही टोकाला उतरतो, तेव्हा तो तिथे परकाच असतो.

हावड्याचा निकाल

हावडा स्टेशनाबाहेर पडले की समोर हुगळी आणि तिच्यावरचा प्रचंड लोखंडी पूल. इथल्या गर्दीत मुंबईकरही बावरतो. 26 फेब्रुवारी 1998 रोजी बांगलादेशातली एक महिला या स्टेशनावर होती. तिला अजमेरला जायचे होते आणि आरक्षण पक्के होण्याची ती वाट पाहत होती. मदत करतो असे सांगून काही जण तिच्याशी बोलले. त्यांत रेल्वेशी संबंधित माणसे होती. रेल्वेच्याच यात्री निवासातील खोलीत नेऊन तिच्यावर सामूहिक अत्याचार करण्यात आला.

कलकत्ता उच्च न्यायालयातील वकील चंद्रिमा दास यांनी या प्रकरणी याचिका दाखल केली. पीडित महिला त्यांच्या नात्यागोत्याची नव्हती. उच्च न्यायालयाने तिला 10 लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की गुन्हा व्यक्तींनी केला, त्याला रेल्वे जबाबदार कशी? शिवाय ही महिला परदेशी आहे, तिला भारतीय राज्यघटनेतील हक्क कसे मागता येतील?

28 जानेवारी 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही मुद्दे फेटाळले. घटनेच्या एकविसाव्या कलमात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. जो कोणी या भूमीवर आहे, मग तो पर्यटक म्हणून आलेला का असेना, त्याला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. 10 लाखांची भरपाई कायम राहिली. ही रक्कम भारतातील बांगलादेशच्या उच्चायुक्तांकडे सोपवावी आणि त्यांनी ती तिला पोचवावी, असेही निकालात सांगितले. हा शेवटचा तपशील साधा वाटतो, पण फार मोलाचा आहे. परदेशी पीडित माणूस बहुधा आपल्या देशात परत गेलेला असतो. कोर्टाची तारीख, बँकेचे खाते, ओळखीचा दाखला, यांतले काहीच त्याच्या हाताशी नसते. निकाल लागला तरी पैसे वाटेतच अडकतात. न्यायाधीशांनी तेवढा विचार केला होता.

दुसरे टोक

मुंबईचे टोक अधिक देखणे आहे. स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत 1878 ते 1888 या काळात उभी राहिली. घुमट, कोरीव पाने-फुले, दगडी माकडे आणि मोर पाहायला देशोदेशीचे पर्यटक येतात. 2004 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. पण छत्तीसगढहून येणारा प्रवासी या देखण्या भागात क्वचितच रेंगाळतो. तो उतरतो लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटांवर. गाडीला उशीर असला की पथारी पसरून तिथेच झोपतो.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहाच्या सुमारास त्याच प्रवासी कक्षात दोघा दहशतवाद्यांनी गोळीबार केला. पन्नासहून अधिक माणसे ठार झाली, शंभरावर जखमी झाली. त्या हल्ल्यात मुंबईत सर्वत्र मिळून 166 बळी गेले, त्यांतला सर्वांत मोठा वाटा या स्टेशनाचा होता. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे येथेच धारातीर्थी पडले. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या काचेच्या खोलीतून हा प्रकार पाहिला आणि ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना पुन्हा पुन्हा बजावले, की स्टेशनाबाहेर पडा. त्या आवाजाने किती जीव वाचले याची मोजदाद नाही.

स्टेशनावर बळी पडलेल्यांत मुंबईकर होतेच, पण गावी निघालेली, नुकतीच उतरलेली, गाडीची वाट पाहणारी माणसे पुष्कळ होती. मुंबई त्यांचे घर नव्हते. अशांसाठी एक कायदा आधीपासून होता आणि तो फार थोड्यांना ठाऊक होता. आजही नसतो. रेल्वे कायदा 1989 चा. त्यात 1994 मध्ये 124 अ हे कलम आले. गाडीत, फलाटावर, प्रतीक्षालयात, सामानघरात, तिकीटघरात किंवा स्टेशनाच्या आवारात कुठेही दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, दरोडा, दंगल, गोळीबार झाला आणि त्यात प्रवासी मेला वा जखमी झाला, तर रेल्वेने भरपाई द्यायची. रेल्वेची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच नाही. फलाटाचे तिकीट काढून पाहुण्याला पोचवायला आलेला माणूसही यात धरला आहे. आणि प्रवासी कुठल्या देशाचा, कुठल्या राज्याचा, हे कलम विचारत नाही.

मृत्यूसाठी ही रक्कम 2008 मध्ये 4 लाख होती, 1 जानेवारी 2017 पासून ती 8 लाख झाली. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत करायचा असतो. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. जखमी माणूस किंवा त्याचे वारस आपल्या राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडेही अर्ज करू शकतात. दुर्गच्या माणसाने त्यासाठी मुंबईला खेटे घालण्याचे कारण नाही. राहता राहिला तिकिटाचा प्रश्न. मृताच्या खिशातले तिकीट रक्तात भिजते, हरवते, पंचनाम्यात राहून जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2018 मध्ये रीना देवी खटल्यात सांगितले, की केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही. दावेदाराने शपथपत्रावर हकीगत मांडावी, पुढचे न्यायाधिकरण परिस्थितीवरून ठरवील. ही गोष्ट प्रत्येक मोठ्या स्टेशनावर फलकावर लिहायला हवी. फलकांवर बाकी सगळे असते.

कुलाब्यातले पाहुणे

टर्मिनसहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत कुलाबा येते. 1871 पासूनचे लिओपोल्ड कॅफे अजून गजबजलेले असते. त्या रात्रीच्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी मुद्दाम ठेवल्या आहेत आणि पर्यटक त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात. पुढे ताजमहाल हॉटेल, 1903 चे. मागच्या गल्लीत नरिमन हाऊस, जिथून सँड्रा सॅम्युअल या आयेने दोन वर्षांच्या अनाथ झालेल्या बाळाला छातीशी धरून बाहेर आणले. या सर्व ठिकाणी आणि नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय-ट्रायडंटमध्ये मिळून पंचवीसहून अधिक परदेशी पाहुणे मारले गेले.

हॉटेलमधले पाहुणे म्हणजे श्रीमंत, त्यांना कसली ददात, असा समज असतो. तो खरा नाही. लंडनचा विल पाइक हा तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर ताजमध्ये उतरला होता. सुटकेसाठी त्याने चादरी, पडदे एकमेकांना बांधून वरच्या मजल्याच्या खिडकीतून उतरण्याचा प्रयत्न केला आणि तो खाली पडला. कण्याला इजा झाली, पाय कायमचे गेले. मायदेशी परतल्यावर त्याला कळले, की ब्रिटनमध्ये 1964 पासून गुन्ह्यातील जखमींना सरकारी भरपाई मिळते, पण गुन्हा ब्रिटनच्या भूमीवर घडला असेल तरच. हीच गोळी लंडनमध्ये लागली असती तर भरपाई मिळाली असती. मुंबईत लागली म्हणून नाही. 2002 च्या बाली स्फोटातील ब्रिटिश जखमींचीही तीच गत झाली होती. पाइक आणि इतर कुटुंबांनी हा प्रश्न लावून धरला. 2010 मध्ये कायदा झाला, 2012 मध्ये प्रत्यक्ष योजना आली आणि 1 जानेवारी 2002 नंतरच्या हल्ल्यांत ज्यांना कायमचे अपंगत्व आले त्यांनाही साहाय्य देऊ केले गेले. पाइकने हॉटेलच्या कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावाही लावला. तो तिथे चालू शकतो, असे तेथील उच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये ठरवले.

ऑस्ट्रेलियाने असाच कायदा 2012 मध्ये केला. परदेशातील दहशतवादी हल्ल्यात सापडलेल्या आपल्या रहिवाशांना 75 हजार डॉलरपर्यंत मदत देण्याची त्यात तरतूद आहे आणि मुंबईचा हल्ला त्या यादीत घेतला गेला. अमेरिकेची योजना 2000 सालच्या कायद्यातली. तिचा हिशेब वेगळा आहे. ती नुकसानभरपाई देत नाही, झालेला खर्च परत देते. औषधोपचाराला 50 हजार डॉलरपर्यंत, अंत्यसंस्काराला 25 हजारांपर्यंत, मानसोपचाराला 5 हजारांपर्यंत. मनाच्या जखमेचा भाव तिथेही सर्वांत कमीच लावलेला दिसतो.

या सगळ्या योजना मात्र दहशतवादापुरत्या आहेत. रस्त्यात कुणी सुरा भोसकला, पाकीट मारताना डोके फोडले, तर त्या लागू होत नाहीत. त्यासाठी गुन्हा जिथे घडला त्या देशाचा कायदा पाहावा लागतो, आणि तिथे पॅरिसची एक हकीगत आठवते. कोवन नावाचा ब्रिटिश पर्यटक पॅरिसला गेला असता मेट्रो स्टेशनाच्या दाराशी त्याला गुंडांनी मारहाण केली. गुन्हेगार सापडले नाहीत. फ्रान्समध्ये अशा वेळी सरकार भरपाई देते, पण कोवनला नकार मिळाला, कारण तो ना फ्रेंच नागरिक होता, ना तेथील रहिवासी. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि 2 फेब्रुवारी 1989 रोजी निकाल लागला, की ज्याला देशात येण्याची मोकळीक आहे त्याला तिथल्या नागरिकाइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. पुढे 2004 मध्ये युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांना अशी योजना ठेवणे बंधनकारक केले. कोवन हा युरोपातल्याच दुसऱ्या देशाचा नागरिक होता म्हणून त्याची बाजू टिकली. भारतीय प्रवाशाला हा निकाल आपोआप लागू पडत नाही.

इथून जाणाऱ्यांचे काय?

डिसेंबर 2011 मध्ये पुण्याचा एक 23 वर्षांचा विद्यार्थी इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे मित्रांबरोबर रस्त्याने चालला असताना एका माथेफिरूने जवळ येऊन त्याला गोळी घातली. तो लँकेस्टर विद्यापीठात शिकत होता. खुन्याला सात महिन्यांत जन्मठेप झाली, किमान तीस वर्षांची. न्याय लवकर मिळाला म्हणावे लागेल. पण मुलगा गेल्याची बातमी पुण्यातील आईवडिलांना ना पोलिसांकडून कळली, ना वकिलातीकडून, ती कळली फेसबुकवरून. तेथील पोलिसांनी नंतर माफी मागितली. पैशाची मदत फार पुढची गोष्ट. पहिली मदत म्हणजे कुणीतरी जबाबदार माणसाने फोन करणे, देह कधी मिळेल ते सांगणे, भाषा समजणारा माणूस शेजारी उभा करणे.

परदेशी गुन्ह्याला बळी पडलेल्या भारतीयाला भरपाई देणारी, ब्रिटन-ऑस्ट्रेलियासारखी योजना भारत सरकारची नाही. आहे तो भारतीय समुदाय कल्याण निधी. तो 2009 मध्ये सुरू झाला आणि वकिलातींच्या हाती असतो. पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर घेतल्या जाणाऱ्या लहानशा शुल्कातून त्याची तिजोरी भरते, म्हणजे तो परदेशस्थ भारतीयांचाच पैसा म्हणायचा. संकटात सापडलेल्या गरजूला तात्पुरता निवारा, तातडीचे औषधपाणी, प्राथमिक कायदेशीर साहाय्य, परतीचे विमानभाडे आणि मृतदेह मायदेशी पाठविण्याचा खर्च त्यातून मिळू शकतो. ही मदत आहे, भरपाई नव्हे. ती आपोआपही येत नाही, मागावी लागते. परराष्ट्र खात्याची ‘मदद’ ही ऑनलाइन तक्रार व्यवस्था 2015 पासून आहे. दुर्गमध्ये बसलेला बापही तिच्यावर तक्रार नोंदवू शकतो.

आखातात जाणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे, 2003 पासूनची. दोन वर्षांसाठी 275 रुपये, तीन वर्षांसाठी 375 रुपये हप्ता. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख. इतका स्वस्त विमा दुसरा शोधून सापडणार नाही. पण तो सक्तीचा आहे तो ज्यांच्या पासपोर्टवर परवानगीची अट असते त्यांनाच, म्हणजे ढोबळमानाने दहावी न झालेल्यांना. जामुलच्या बाजूचा दहावी-आयटीआय झालेला फिटर या सक्तीतून सुटतो. शिकल्याचा असा तोटा असू शकतो, हे त्याला एजंट सांगत नाही. त्याने आपला विमा आपणच उतरवायचा आणि उतरवताना मारहाण, लूट, खून यांबद्दल पत्रकात काय लिहिले आहे ते वाचून घ्यायचे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची भरपाई योजना असते आणि बहुतेक ठिकाणी परदेशी नागरिकालाही अर्ज करता येतो. गुन्ह्याची खबर पोलिसांत लगेच द्यावी लागते. ब्रिटनमध्ये अर्जाला दोन वर्षांची मुदत असते, पण परदेशी माणसाला तेथील रहिवासाची अट आधी पाहावी लागते. घाबरलेला विद्यार्थी तक्रारच करत नाही, व्हिसाची काळजी करत बसतो आणि मुदत निघून जाते. पोलिसांचा अहवाल, त्याचा क्रमांक, दवाखान्याची बिले, विमान रद्द केल्याची पावती, सगळे जपून ठेवावे लागते. यांतले बरेचसे भारतात परतल्यावर मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

देशातल्या देशात परगावी घडलेल्या गुन्ह्यासाठी मात्र दार उघडे आहे. फौजदारी संहितेतील 357 अ हे कलम 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाले. जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 396 व्या कलमात आले आहे. त्यानुसार प्रत्येक राज्याला भरपाई योजना ठेवावी लागते. छत्तीसगढची योजना 2011 ची, महाराष्ट्राची 2014 ची, शिवाय महिला व बालकांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून ‘मनोधैर्य’ आहे. गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला किंवा त्याच्या वारसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. ठाणे अंमलदाराच्या दाखल्यावर तातडीचे उपचार मोफत करून देण्याचा अधिकारही त्याला आहे. अर्ज मात्र गुन्हा ज्या राज्यात घडला त्या राज्याच्या योजनेखाली होतो. म्हणजे जामुलचा मजूर नागपुरात लुटला गेला, तर कागद महाराष्ट्राचे. त्याने आधी दुर्गच्या प्राधिकरणाचे दार ठोठवावे किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे. अर्ज कसा लिहायचा, तो कुठे धाडायचा, हे सांगणारा वकील तिथे फुकट मिळतो.